ओल्या गोणपाटाचा सुभाष

सुभाष कुणाच्याही कार्याला गेला की खांद्यावर ओलं गोणपाट टाकून जायचा. बारसं असो, सत्यनारायण असो, नाहीतर साधा वाढदिवस. आत यायचा, जिथे ज्योत असेल तिच्या शेजारी उभा राहायचा आणि म्हणायचा, "चालू द्या, चालू द्या, मी उभाय."

आमचं घर गोडदेवला. तो दोन बिल्डिंगा सोडून एका खोलीत एकटा राहायचा. दिवसभर रिक्षा चालवायचा, आणि आगीचा फोन आला की रिक्षा टाकून पळायचा. अग्निशमन दलाचा स्वयंसेवक होता तो. पगार नाही, काही नाही. दलाने शिकवून तयार केलं आणि एक जाकीट दिलं, तेवढंच. पण त्याला ते आमदारकीपेक्षा मोठं.

आमच्या वर राहणाऱ्या जिग्नाबेनच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. केकवर एक मेणबत्ती. सुभाष गोणपाट ताणून तयार! पाणी ठिबकत होतं ते थेट केकवर. जिग्नाबेन ओरडली, "सुभाषभाई, ये बर्थडे है, आग नहीं लगा है!"

हा शांत. "आप चालू रखो ना बेन, मैं खडा है."

एकदा मात्र गणपतीच्या आरतीत कापराने भटजींच्या उपरण्याला खरंच धग लागली. म्हणजे टोक काळं झालं, एवढंच. पण सुभाषने अख्खे भटजी गोणपाटात गुंडाळले. गोणपाट कांद्याचं. भटजी आतून काय बोलले ते इथे लिहिता येत नाही. गर्दी हसून हसून खाली बसली. हा मात्र गंभीर चेहऱ्याने सांगत होता, "वाचले बिचारे."

लोक म्हणायचे, येडा आहे. मी नाही म्हटलं कधी. शाळा मी चौथीत सोडली, पण माणूस मला कळतो. आणि माझं मत एकदा झालं की झालं.

मग माझ्या नातीचं, प्राचीचं लग्न ठरलं. आमच्यात लग्न लागताना नवरीच्या मागे तिचा मामा उभा राहतो. प्राचीला सख्खा मामा नाही. चुलत-मावस कितीतरी पुढे झाले, सगळ्यांना मी गप्प बसवलं. अक्षत घेऊन स्वतः सुभाषच्या खोलीवर गेलो.

"लग्नाला यायचं. पण गोणपाट घरी ठेवून."

त्याचा चेहरा उतरला. "मग मी येऊन काय करू, आण्णा?"

"काय करू म्हणजे? जेव, बस."

"हातात काय नसलं ना, की लोक विचारतात. हा कोणाकडचा?"

मी अक्षता त्याच्या हातावर ठेवल्या.

"कोण विचारतो तेच बघतो मी. प्राचीच्या मागे उभं राहायचंय तुला. मामा म्हणून."

तो हातातल्या अक्षतांकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "फोटोवाला बोलला, बाजूला हो, तर?"

"त्याला सांग, हलत नाही. आण्णांनी उभं केलंय."

लग्नाला आठवडा राहिला असेल. भर दुपारी गाद्या बनवायच्या एका गाळ्याला आग लागली. दलाच्या माणसांबरोबर सुभाष आत गेला. एका कामगाराला घेऊन बाहेर आला. मग दुसऱ्याला. आत अजून एक राहिलाय, असं कोणीतरी ओरडलं, तसा तो परत शिरला. त्या माणसाला त्याने दारातून बाहेर ढकललं आणि त्याच वेळी छप्पर कोसळलं. तो माणूस आज कामावर जातोय. सुभाष बाहेर आला नाही.

दलाने सलामी दिली. जिग्नाबेन घरचं कोणी गेल्यासारखी रडली. प्राची म्हणाली, लग्न पुढे ढकला.

त्यावरूनच घरात बोलणं चाललं होतं, तेव्हा नाक्यावरचा सलीम टेलर दारात आला. हातात हँगर, त्याला क्रीम रंगाचा नवा कुर्ता.

"चाचा, सुभाष ने सिलने को डाला था," तो म्हणाला. "रोज आके पूछता था, हुआ क्या, हुआ क्या. मैं बोला, इतनी जल्दी क्या है? तो बोला, अपने घर की शादी है." त्याने खाली बघितलं. "उसका तो कोई है नहीं. अब ये किसको दूं?"

मी उठून हात पुढे केला.

"इधर ला. लडकी के मामा का है."