महिपतीच्या निवडुंगाला कळी आली

कळी

"दारात काट्याचं झाड असलं की घरात भांडणं लागत्यात. सोमवारी कोयता घालतो बघ," घरमालक वीरभद्रप्पा महिपतीला म्हणाले होते.

आणि रविवारी सकाळी भिंतीवरच्या निवडुंगाच्या वेलावर वीतभर लांब कळी टम्म फुगलेली दिसली. तीन वर्षं महिपतीने तो वेल सुतळीने बांधबांधून चढवला होता. फूल त्याने कधी पाहिलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं, की ते एकाच रात्री उमलतं.

"अप्पा, आज रातीला या. न्हाय आवडलं तर मीच कोयता आणून देतो!"

बत्ती

घरमालक येणार, त्यांना अंधारात बसवायचं कसं? शेजारचे नबीसाब लग्नाच्या मांडवांना बत्त्या पुरवत. त्यांनी एक गॅसबत्ती कळीच्या डोक्यावरच टांगली. भवानी पेठेतली ती गल्ली लख्ख झाली. लख्ख झाली म्हणून माणसं जमली. माणसं जमली म्हणून सतरंज्या आल्या.

नऊ वाजले. कळी मिटलेली.

"नवरीवानी लाजतीया," समोरच्या घरातली सोजरबाई म्हणाली.

"तिला लाजाया काय झालं? काटे तर माझ्या लुगड्याला लागत्यात," महिपतीची बायको वच्छला म्हणाली.

दहा वाजले. कळी मिटलेलीच.

"उजेड कम पडतोय, महिपतीभाऊ," असं म्हणून नबीसाबांनी दुसरी बत्ती आणली. तिच्या उजेडात सोजरबाईचा कोंबडा आरवला. त्याचं ऐकून दुसरे चार आरवले. वीरभद्रप्पा खुर्चीतून उठले.

"महिपती, कोंबड्याला उठवलंस, फुलाला न्हाय. कोयता काढ."

रॉकेल

तेवढ्यात एक बत्ती फुसफुसली आणि गेली. तिच्यामागून दुसरीही गेली.

"अप्पा, हलू नका! आलोच रॉकेल घेऊन!" महिपती डबा घेऊन जो सुटला, तो धोतराचा सोगा हातात धरूनच.

फूल

या वेळी महिपती सात रस्त्याजवळ एका बंद दुकानाच्या फळ्या बडवत होता.

वास

तो धापा टाकत परतला, तेव्हा गल्लीभर गोड वास होता आणि अंधारात सगळे खुशीत बोलत होते.

"कुटं हाय?"

"उमललं की! ताटाएवढं!" सोजरबाई म्हणाली.

"पांढरंफेक! अंधारात दिवा लागल्यावानी!" वच्छलाने पहिल्यांदाच वेलाची बाजू घेतली.

"पर आता कुटं हाय?"

वीरभद्रप्पांनी छातीशी धरलेलं ओलं उपरणं दाखवलं. "खुडलं. पहाटे महादेवाला वाहणार."

"जरा उघडा की, अप्पा."

"देवाचं फूल हाय. वारा लागंल."

"निदान वास तरी—"

"देवाच्या आदी तू वास घेणार?"

महिपतीने डबा खाली ठेवला. "म्हंजे वेल ऱ्हाणार न्हवं?"

"ऱ्हाणार! असल्या वेलावर कोण कोयता घालतो? तिकडं बघ, पानाआड दुसरी कळी हाय. गुरवारी उमलंल."

महिपतीचा चेहरा उजळला. "गुरवारी बत्त्या नकोच, अप्पा! उजेड गेला म्हणून तर उमललं!"

"येडा का काय? माझे पाहुणे येणार अक्कलकोटाहून. त्यांना अंधारात बसवू?" वीरभद्रप्पांनी आवाज खाली आणला. "आमी सगळ्यांनी डोळ्यानं बघितलंय. तू गल्लीच्या बाहेर पाऊल टाकलंस, आन् कळी हलली."

"व्हय, अगदी तवाच," सोजरबाई म्हणाली.

"खुदा कसम," नबीसाब म्हणाले.

महिपतीने आशेने बायकोकडे पाहिलं.

गुरुवारी संध्याकाळी वच्छलाने त्याला भाकरी बांधून दिली आणि उजाडेपर्यंत परत न येण्याची शपथ घातली.