एका ओढीचा टाका

"दिवाळीले येईन तं नवा सदरा घालूनच येईन! आणि तोही माह्या हातचा!"

बसच्या पायरीवर एक पाय ठेवून जागेश्वरने साऱ्या दवनीवाड्याला ऐकवलं. आणखीही बोलायचं होतं, पण कंडक्टरने त्याला आत ओढलं आणि गोंदियाला आणून सोडलं.

अशा रीतीने पंचावन्नाव्या वर्षी जागेश्वर विद्यार्थी झाला. कारण सरळ होतं. त्याची बायको सुशिलाबाई गावात शिलाई करायची. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. मशीन राहिली, आणि मशीनच्या खणात निळ्या-पिवळ्या चौकटीचं कापड राहिलं. नागऱ्याच्या जत्रेतून जागेश्वरनेच ते सदऱ्यासाठी आणलं होतं. बघून ती नुसती हसली होती. नंतर कधीतरी तिने ते कापलं, खडूच्या खुणा केल्या, आणि शिवायचं राहून गेलं.

गावचा दुसरा शिंपी म्हणाला, "आणा, मी शिवून देतो."

"तिनं कापलं, आता मीच शिवीन!" जागेश्वर म्हणाला. त्यावर गाव तोंड लपवून हसलं.

पांगोली नदीच्या काठी घाटमोहल्ल्यात प्रेमिला मॅडमचा शिलाई क्लास होता. जागेश्वरने तिथेच पोहेवाल्याच्या वरची खोली घेतली. पहाटे खालून मिरचीची फोडणी चढली की माणूस शिंकतच उठायचा. मोहल्ला असा जागता, की एका गल्लीत हिंदी, दुसरीत छत्तीसगढी, नळावर पोवारी, आणि भांडण तिन्हीत!

क्लासमध्ये सगळ्या पोरी, आणि मागच्या बाकावर हा एक काकाजी! पहिल्याच दिवशी त्याने मशीनचं पॅडल असं दाबलं, जणू चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढतोय. सुई मोडली. दुसरी दिली, तीही मोडली. मॅडम म्हणाल्या, "काकाजी, मशीन रहने दो. तुम्ही हातशिलाई करा."

पण जागेश्वर हटणारा नव्हता. क्लास सुटला की तो मोहल्ला पालथा घालायचा. नवा माणूस देवळं बघतो, बाजार बघतो. हा शिवणी बघायचा! चहाच्या टपरीवर लोकांच्या कॉलरी, मशिदीपुढच्या गल्लीत सलवारी, आणि घाटावर दोरीला वाळणारं सगळंच!

एकदा तो एका गाऊनची बाही उलटी करून बघत होता.

"ए बुडग्या! माह्या गाऊनमंदी काय पाहून राहिला?" मागून एक बाई कडाडली.

"शिवण पाहून राहिलो, बाई. भल्लीच सुरेख हाय. अंगात कशी बसते?"

हे विचारायला नको होतं! घडीभरात अर्धा घाट गोळा झाला. कान्होबा मंडळाचे अध्यक्ष केशोराव सोड्याचं दुकान सोडून धावत आले म्हणून काकाजी वाचला.

मॅडमने त्याला समोर उभं केलं. "मोहल्ले में मेरी इज्जत है, काकाजी! आणखी एक तक्रार आली ना, तर क्लास बंद. गाठोडं घ्या आणि गावाला जा!"

जागेश्वरने कान पकडले. सदऱ्याचा एक टाकासुद्धा अजून घातला नव्हता.

आला कान्होबा! गोकुळाष्टमीला इथे मातीचा कृष्ण बसवतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीत सोडतात. मंडळाने विसर्जनासाठी सगळ्या गड्यांचे एकसारखे पायजमे मॅडमकडे शिवायला टाकले. कापले, नेफे शिवले, नाड्या घातल्या, आणि नेमक्या बाजूच्या उभ्या शिवणी राहिल्या असताना मॅडमना नणंदेच्या घरून बोलावणं आलं. काम टीनाला सांगून त्या गेल्या. टीना क्लासमधली सगळ्यांत हुशार पोरगी, पण तिची कॉलेजची परीक्षा दुसऱ्या दिवशी!

"तू जाऊन अभ्यास कर," जागेश्वर म्हणाला. "मी हातानं शिवतो."

"सप्पा पायजमे, काकाजी?" टीनाने अख्खा ढीग दाखवला.

"अवं, जिंदगी गेली शिवण्यात!"

खोटं नव्हतं ते. फक्त काय शिवण्यात गेली, हे तिने विचारलं नाही. जागेश्वरने जन्मभर धानाची पोती शिवली होती! आणि पोत्याची एक रीत असते. शेवटी पक्की गाठ मारायची नाही. एक फासा घालून दोऱ्याचं टोक लोंबतं ठेवायचं. मार्केटात हमालाने टोक ओढलं की सर्रकन पोतं मोकळं, आणि सुतळी अख्खी हातात, पुढच्या वर्षी पुन्हा वापरायला. पक्की गाठ मारणारा माणूस दवनीवाड्यात उधळ्या समजला जायचा.

जागेश्वरने मान मोडून शिवलं. टाके असे सरळ, जसे रांगेत लावलेले धानाचे पऱ्हे! आणि प्रत्येक शिवणीच्या वर, कमरेपाशी, बोटभर दोरा लोंबता. रीत म्हणजे रीत!

विसर्जनाची मिरवणूक निघाली. ढोल, गुलाल, आणि सर्वांत पुढे डोक्यावर कान्होबा घेतलेले केशोराव. आखूड कुडता, पांढराशुभ्र पायजमा. घाटाच्या पायरीवर मॅडम कौतुकाने बघत होत्या. तेवढ्यात त्यांना केशोरावांच्या कमरेला लोंबता दोरा दिसला. शिलाईच्या मास्तरणीला लोंबता दोरा म्हणजे डोळ्यात कुसळ! कात्री जवळ नव्हती. त्यांनी ओढला.

सर्रकन!

कमरेपासून घोट्यापर्यंत शिवण उघडली. नाडी जागेवर होती, म्हणून कापड पुढे-मागे लटकत राहिलं, काठीवर वाळत घातलेल्या धोतरासारखं. दोन्ही हात कान्होबाला, खाली वारा!

"अगा, काय झालं?" केशोराव ओरडले. "खालून थंड काऊन लागून राहिलं?"

ते बघून मागच्या गड्यांनी आपापल्या कमरेकडे पाहिलं. आपल्यालाही दोरा! आता लोंबता दोरा दिसला की माणसाचा हात कुठे थांबतो?

"ओढू नका!" जागेश्वर धावत सुटला. "नका ओढू, बापहो!"

ढोलात कोण ऐकतो! सर्रकन! सर्रकन! सगळं मंडळ मोकळं झालं!

जागेश्वरला गाठोडं दिसलं, परतीची बस दिसली, तोंड लपवून हसणारा दवनीवाडा दिसला. नाही! असं जायचं नाही!

"पाण्यात बसा!" त्याने केशोरावांचा दंड धरला.

"बुडवतं का मले?"

"पायरीवर बसा! कमरेइतकंच पाणी हाय! झाकून जाईल सप्पा!"

केशोराव बसले. कान्होबासकट! मागोमाग सगळे गडी बसले. काठावरच्या बायांनी हात जोडले. "पाह्य वं बाई, यंदा पाण्यात बसून आरती! केवढी भक्ती!" ते ऐकून साध्या पँटवाले चारदोन भाविकही पाण्यात जाऊन बसले.

आरती संपत आली. केशोरावांनी मान वळवून गड्यांना दटावलं. "थांबू नका! आरती संपली का उठा लागते! गणपतीची म्हणा! शंकराची म्हणा! जी येते ती म्हणा!"

आरतीमागून आरती सुरू झाली. जागेश्वरने खिशातला पोती शिवायचा दाभण काढला, कमरेला गुंडाळलेली सुतळी सोडली आणि पाण्यात उतरला. एकेकाला उभं करायचा, टॉवेलचा आडोसा धरायला लावायचा, घोट्यापासून कमरेपर्यंत शिवत यायचा.

काठावरून मॅडम ओरडल्या, "काकाजी! गाठ मारो! पक्की!"

त्याने मारली. आयुष्यात पहिल्यांदा. प्रत्येक गाठीला सुतळी वाया गेल्याचं दुःख होत होतं, पण मारली.

दुसऱ्या दिवशी तो गाठोडं काखोटीला मारूनच क्लासमध्ये गेला. केशोराव आधीच येऊन बसलेले!

"मॅडम," केशोराव खाकरले, "बाया म्हणतात, दरवर्षी पाण्यातच बसा. तं पुढच्या सालचे पायजमे आत्ताच सांगून ठेवतो. फक्त बुडग्याले म्हणा, दोरा दिसला नाही पायजे."

ते गेले. मॅडमने जागेश्वरकडे बघितलं. ओढणारा हात आपला होता, हे त्यांनाही आठवत असावं. "ही काही तक्रार नाही झाली," त्या म्हणाल्या. "आणा तुमचा सदरा."

जागेश्वरने गाठोडं सोडलं. मॅडमने तुकडे टेबलावर मांडले. फिरवले. पुन्हा मांडले.

"काकाजी, यात बाही कुठे आहे?"

"असंल ना त्यातच."

"आणि गळा?"

"हा काय गोल!"

"हा गोल चाकासाठी आहे, काकाजी," मॅडम हळूच म्हणाल्या. "हा सदरा नाही. ही मशीनची खोळ आहे."

टीनाने ओढणीचा बोळा तोंडात घातला. जागेश्वर पुढे झाला. सगळ्यांत मोठा तुकडा त्याने छातीला लावला आणि भिंतीवरच्या आरशापुढे उभा राहिला. निळ्या-पिवळ्या चौकटी. भाड्याने आणलेल्या गादीसारखा दिसत होता तो. बघता बघता त्याला हसू फुटलं. कापड आणलं त्या दिवशी सुशिलाबाई जशी हसली होती, तसंच. मग त्याने डोळे पुसले आणि सुई ओवली.

दिवाळीला बस दवनीवाड्यात थांबली. पारावर सगळे वाटच बघत होते. जागेश्वर उतरला, तो जुन्याच सदऱ्यात!

"का गा? नवा सदरा कुठाय?"

"शिवला ना!" जागेश्वर घराकडे चालता चालता म्हणाला. "मशीनले घालाले चाललो."