बाबांची करकर

बाबा जाऊन वर्ष झालं त्या दुपारी दादा आईच्या घरी दोन नवे स्पीकर घेऊन आला.

"आई, आज बाबा अगदी समोर बसल्यासारखे ऐकू येतील बघ!"

आई "बरं" म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. वर्षभर ती सगळ्यालाच "बरं" म्हणत होती.

बाबा मोठ्या वाद्यवृंदात डबल बास वाजवत. व्हायोलिनचा थोरला काका शोभावं असं, माणसाहून उंच वाद्य. त्याचा आवाज घराच्या पायासारखा. सगळं त्याच्यावर उभं, पण लक्ष कोणाचंच जात नाही. त्यामुळे त्यांच्या वाद्यवृंदाची ती गाजलेली जुनी रेकॉर्ड लावली, की पाहुणे विचारत, "यात तुम्ही कुठे?" मग बाबा बोट वर करून थांबत. संथ भागात एके ठिकाणी सगळी वाद्यं श्वास रोखतात आणि तेवढ्यात एक खुर्ची 'कर्र' वाजते. "हा मी," बाबा म्हणत. पाहुणे टाळ्या वाजवत.

ती करकर घरातल्या माणसासारखी जपली गेली. दादा दातांचा डॉक्टर झाला, तरी दवाखान्यातली खुर्ची करकरली की त्याला गलबलून येई. पेशंटला वाटे, आपल्या दाताचं काही खरं नाही.

आता तीच रेकॉर्ड मूळ टेपवरून हाय-रेझोल्युशनमध्ये नव्याने निघाली होती. वादकांचे श्वाससुद्धा ऐकू येतात म्हणे. दादाने ती लावली. शेजारी धाकटी बहीण रुमाल हातात घेऊन तयार बसली. संथ भाग आला. वाद्यं थांबली. दोघं पुढे झुकली.

काहीच वाजलं नाही.

"तू खोकलीस का?" दादाने विचारलं.

"मी श्वाससुद्धा घेतला नाही!"

दादाने पुन्हा लावली. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, आवाज वाढवला, आणखी वाढवला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ धापा टाकत वर आले.

"काय झालंय काय इथे?"

"वडील गेलेत," दादा म्हणाला.

"अरे अरे! कधी?"

"गेल्या वर्षी."

गृहस्थ एकेक पायरी खाली उतरून गेले.

शेवटी दादाने रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला फोन लावला. बऱ्याच जणांकडून फिरत फिरत तो ध्वनितंत्रज्ञाकडे पोचला.

"खुर्ची ना? काढली की!" तंत्रज्ञ खुशीत म्हणाला. "फार चिवट होती हो. कोणाच्या तरी लक्षात आलं, बरं वाटलं."

"ते आमचे वडील होते."

पलीकडे चाललेली कीबोर्डची टकटक थांबली.

"माफ करा," तंत्रज्ञ हळूच म्हणाला, "आम्हाला वाटलं खुर्ची आहे."

बिचाऱ्याने लगोलग न साफ केलेली प्रत पाठवून दिली. दादाने ती लावली आणि 'कर्र' झालं, इतकं स्वच्छ की लाकडातला खिळासुद्धा ऐकू आला. दादाने डोळे मिटले. धाकटी मात्र शाळेत भूगोल शिकवायची, तिच्या कपाळाला आठी पडली.

"दादा, हे डावीकडून आलं."

"मग?"

"डावीकडे व्हायोलिनं बसतात. बाबा उजवीकडे असायचे."

घरातल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरला एकच स्पीकर होता. त्यात सगळा वाद्यवृंद एकाच जागी नांदायचा, म्हणून हा प्रश्न कधी आलाच नव्हता. दादा उठला, स्पीकरमागे गेला आणि त्याने तारांची अदलाबदल केली. आता करकर उजवीकडून आली.

"झालं!"

"अरे, पण आता सगळी व्हायोलिनंही उजवीकडे गेली!"

"जाऊ देत. बाबांसाठी एवढी सरकतील ती."

धाकटीने उठून हवेत बास धरल्यासारखे हात केले. मग चाचरत म्हणाली, "आणि दादा, बाबा उभं राहून वाजवायचे ना रे?"

हे दोघांनीही लहानपणापासून पाहिलं होतं, फक्त त्या करकरीशी जोडून कधी पाहिलं नव्हतं. दादा आपल्या तळहातांकडे बघायला लागला. म्हणजे इतकी वर्षं आपण कुठल्यातरी परक्या व्हायोलिनवाल्याच्या बुडाला टाळ्या वाजवत होतो!

"आईला यातलं काही कळता कामा नये," तो पुटपुटला.

"काय कळता कामा नये?" आई दारात उभी होती.

धाकटीला रडूच फुटलं. "आई, ती खुर्ची बाबांची नव्हती गं!"

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "ह्यांना त्या रेकॉर्डिंगला घेतलंच नव्हतं. बासवाले जास्त झाले, म्हणून दोघांना घरी पाठवलं. कोट घालून गेले आणि तासाभरात परत आले. संध्याकाळपर्यंत कोट काढला नाही. पुढे रेकॉर्ड निघाली. पहिल्याच पाहुण्याने विचारलं, यात तुम्ही कुठे? ह्यांनी बोट वर केलं. मी चहाचे कप घेऊन उभी. काय बोलणार?"

दादाने बंद करायला हात पुढे केला.

"बंद नको करू. ती खुर्ची काढलेली प्रत आहे ना, ती लाव."

"ती? ती कशाला?"

"अरे, इतकी वर्षं 'श्श, आता येईल, आता येईल' करत बसलो आणि ते वाजलं की टाळ्या. त्याच्या पुढचं मी कधी धड ऐकलंच नाही. पुढे काय आहे ते तरी कळू दे."

दादाने तारा सरळ केल्या. व्हायोलिनं निमूट डावीकडे परतली. संथ भाग आला, वाद्यं थांबली, आणि त्या शांततेनंतर उजवीकडून, अगदी खालून, बास सुरू झाले. जमिनीला बारीक कंप आला. आई भिंतीला टेकून, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"छान वाजवलंय ह्यांनी," ती म्हणाली.

ह्यांनी म्हणजे नक्की कोणी, हे विचारायची हिंमत दोघांचीही झाली नाही.