नाकवाले तात्या

पुस्तक परत आलं की वाचनालयाची माणसं पानं मोजतात, डाग बघतात. आमच्या कारंज्याच्या वाचनालयातले नारूतात्या आधी वास घेत. पुस्तक मधोमध उघडायचं, नाक पार शिवणीत घालायचं, डोळे मिटायचे. मग निकाल.

"अंबाडीची भाजी. अन् फोडणी करपली व्हती. आईले सांग, आच कमी ठेव म्हणा."

आणि खरंच करपलेली असायची हो! आमच्या शेजारच्या काकू चिडून म्हणायच्या, "गोष्टीचं पुस्तक आणाची सोय राह्यली नाही. घरात काय शिजलं ते साऱ्या बाजाराले समजते." गावानं त्यांचं नाव ठेवलं होतं नाकवाले तात्या. त्यांना ते आवडायचं. कोणी नुसतं "नाक" म्हटलं तरी टोपी सारखी करत.

माणूस उंच, वाळका, मागेपुढे कोणी नसलेला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत राहायचा आणि दोन्ही वेळा खिचडी खायचा.

हे दुसरं महायुद्ध लागायच्या आधीचं. तेव्हा वाचनालय म्हणजे वकील, मास्तर आणि दुकानदार यांची वर्तमानपत्रं वाचायची जागा. लेकरांचं तिथं काय काम? पण तात्यांनी सगळ्यात खालची फळी रिकामी केली आणि लेकरांची पुस्तकं लावली. लावायच्या आधी प्रत्येक पुस्तक स्वतः मोठ्यानं वाचून बघत. हसू आलं नाही तर म्हणत, "हे उपदेशाचं हाय. वर चढवा, वकील लोकायच्या कामी येईन."

माझी शाळा चौथीत सुटली. पुढं जे काही शिकले ते त्या फळीपुढं उकिडवी बसून. आंघोळीला भिणारा राजा मला तिथं भेटला. भांडकुदळ रांजण भेटला. पुस्तकात एवढं हसायला असतं, हे घरी सांगूनही कोणाला पटेना.

माझ्यासोबत कमळ यायची. माझी जिवाची मैत्रीण. जैनांच्या घरची, आजोबांचं कापडाचं दुकान. त्यांच्या घरात कांदा-लसूण चालत नसे. तिचं पुस्तक हुंगलं की तात्यांचा चेहरा उजळायचा.

"वा! चंदन. अन् जरासं तूप. कमळे, देव्हाऱ्यातून आणल्यासारखं पुस्तक आणतं तू."

मग माझं पुस्तक. "हं. ठेचा. काय वं, तू पुस्तक वाचून राह्यली का चाटून राह्यली?"

बाकावरचे वर्तमानपत्रवाले खो-खो हसत. मीही हसायची. आतून मात्र जळायची.

अशात एक नवीन पुस्तक आलं. सर्कशीतून पळालेल्या अस्वलाचं, रंगीत चित्रांचं. मी आधी हात पुढं केला, पण तात्यांनी कमळला दिलं. "तुह्या हाती आधी देलं तं तिच्यापर्यंत भाजीच पोचन."

आता पुढचं लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

कमळचं वाचून झालं. परत द्यायला आम्ही दोघी निघालो, तेव्हा मी घरून लसणाची सोललेली पाकळी मुठीत आणली होती. वाटेत तिची वेणी सुटली. "धर वं जरा," म्हणून तिनं पुस्तक माझ्याकडे दिलं. मी पाकळी चेचली आणि अस्वलाच्या पोटावर चोळली. मला वाटलं काय, तात्या तिलाही एकदा टोकतील, लोक हसतील, आणि आम्ही दोघी सारख्या होऊ. एवढंच.

तात्यांनी नाक शिवणीत घातलं. डोळे उघडले. पुन्हा घातलं. आणि नाकाच्या तोऱ्यात बोलून गेले, "लसूण! कमळे, तुह्या घरी लसूण कधीपासून?"

कोणी हसलं नाही. बाकावर कमळचे आजोबाच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्राची शांतपणे घडी घातली.

"तात्या, चारचौघात तुमी आमच्या घरावर बोट ठेवलं. पोर आता इथं येणार नाही."

"आजोबा, मी नाही जी! मी कोणाकडे काही खाल्लं नाही!" कमळ रडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे.

दुसऱ्या दिवशी तात्या कापडाच्या दुकानात गेले. मी समोरच्या दुकानात मीठ घ्यायला उभी होते, तिथून सगळं ऐकलं. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात त्यांनी हात जोडले.

"शेटजी, नाक म्हातारं झालं माहं. म्याच लसूण सोलून पुस्तक धरलं व्हतं. माह्या बोटायचा वास मले पोरीचा वाटला. पोरीची काही चूक नाही."

"मंग एवढा नाकाचा तोरा कायले मिरवता?"

"गेला जी तोरा."

आठ दिवसांत कमळ परत आली. पण तात्यांनी वास घेणं सोडलं ते सोडलंच. बाकावरची मंडळी मुद्दाम मिरची नाकाशी धरत, "सांगा तात्या, गुलाब का मोगरा?" तात्या म्हणत, "नाही ओळखू येत, बाप्पा." आणि पुस्तक न हुंगताच फळीवर ठेवत.

महिनाभरानं मला राहवेना. एका दुपारी एकटीच गेले. तात्या एका पुस्तकाची सुटलेली शिवण शिवत होते.

"तात्या, तो लसूण..."

"ठाऊक हाय." त्यांनी मान वर केली नाही. "त्या दिशी मागून नाकात वास आला तो पुस्तकाचा नाही, तुह्या मुठीचा. पण तवरोक तोंडातून बोल गेला व्हता."

"मंग मह्यं नाव काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुह्या बापानं तुले घरी बसवलं असतं." त्यांनी दोरा दातानं तोडला. "पोरं चित्रं पाह्यतात अन् पळतात. तुमी दोघीच येऊन सांगता, कुठं हसू आलं म्हणून. एकट्या माणसानं वाचून किती हसावं वं?"

"मी कमळले सांगते," मी म्हटलं.

"सांग," तात्या म्हणाले.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, तिच्या लग्नात नाही, तात्या गेले तेव्हाही नाही. म्हातारपणी भेटली की कमळ हटकून ती गोष्ट काढायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची आणि म्हणायची, "एवढा नाकवाला माणूस, पण फसलाच ना वं शेवटी!"

आणि मी म्हणायची, "हो वं. फसला."