सरदार ओनुफ्रींचं भुंकणं

आपल्या दिवंगत पत्नीची, यूस्तिनाबाईंची, पोवळ्यांची जपमाळ गायब असल्याचं ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी सरदार ओनुफ्रींनी चोरही जाहीर केला. तपास कसला डोंबलाचा! चर्चच्या दारात उभं राहून गरजले, "शेजारचा फ्लोरियान चोर!"

आठवड्याने माळ सापडली. सरदारांच्याच अंगरख्याच्या बाहीत! बाई गेल्यापासून ते ती उराशी धरून झोपत. तिथूनच घसरली होती.

आता आली का पंचाईत! त्यांच्या लेकीचं, अनेलाचं लग्न याच फ्लोरियानच्या मुलाशी ठरलेलं. फ्लोरियानने निरोप धाडला, "आधी कायद्याप्रमाणे भुंका, मग वऱ्हाड!" खोटा आळ घेणाऱ्या सरदाराने भर न्यायालयात बाकाखाली शिरायचं, "मी कुत्र्यासारखं खोटं बोललो" म्हणायचं आणि भुंकायचं, असा कायदाच होता.

"बाबा, माझ्यासाठी एवढं कराच," अनेला रडवेली झाली.

"भुंकतो की! असा भुंकेन, की लांडगे पोलंड सोडून पळतील!"

गोठ्यात सराव सुरू झाला. गाईंनी दूध आखडलं. स्वयंपाकीण दोरोता म्हणाली, "सरकार, आवाज पोटातून काढा. सध्या शेळी वाटताय!"

अखेर तो दिवस उजाडला. सरदार बाकाखाली शिरले आणि पोटापाशी अडकले. तरी कबुली दिली, छाती भरून घेतली आणि भुंकले! काय ते भुंकणं! बाहेर बांधलेली फ्लोरियानची शिकारी कुत्री दावी तोडून आत घुसली आणि थेट बाकाखाली! सगळेच एकदम भुंकू लागले. सरदार पाठीवर बाक घेऊन कासवासारखे दालनभर धावले. न्यायाधीश टेबलावर चढले.

"थांबा! भुंकलं कोण? सरदार की कुत्रा?"

फ्लोरियान हसून हसून गडबडा लोळायचाच बाकी होता. "मला तर आमचा कुत्राच ऐकू आला, महाराज!"

सरदारांचं डोकं सटकलं. इतके दिवस घसा फोडला तो काय यासाठी?

"ते माझं होतं! अरे चोरा, माझं भुंकणंसुद्धा तुझ्या कुत्र्याच्या नावावर ढापतोस?"

कुत्रीही गप्प झाली.

"बाबा!" अनेलाने कपाळावर हात मारला.

न्यायाधीश टेबलावरूनच म्हणाले, "पहिलं भुंकणं बाद. आणि वर पुन्हा चोर म्हणालात. भर न्यायालयात!"

तर आता जपमाळेबद्दलचं एक आणि भुंकण्याबद्दलचं एक, अशी दोन भुंकणी बाकी आहेत. लग्नही बाकी आहे.