पिवळ्या दिव्याचे पारिपत्य

श्रीशिंगरोबा घाटरक्षक प्रसन्न असो. सह्याद्रीच्या माथ्यावर धुके, पायथ्याशी ऊन आणि मधोमध बोरघाट, ऐसा हा मुलूख. या मुलखात पूर्वी थोर थोर मोहिमा जाहल्या आणि त्यांचे कागद थोरांनी लिहोन ठेविले. परंतु शके एकोणीसशे सत्तेचाळीस, भाद्रपद मासी, मौजे मळवली येथील राजमान्य राजेश्री हौशीराम केदारी यांनी चार चाकांनिशी जी मोहीम केली ती कोणी लिहिली नाही. आणि न लिहिता राहिली तर पुढील पिढ्यांस धुतली चादर पांघरताना तिची कदर कळणार नाही, हे मनी आणून सदरहू वृत्तांत जैसा घडला तैसा लिहिला असे. उणे असेल ते घाटातील धुक्यात हरवले समजावे, अधिक असेल ते सांगणाऱ्याचे प्रेम समजावे.

हौशीरामांची दौलत म्हणजे राजेश्वरी नामे डिझेल पिकअप, वर्ण पांढरा, वय वर्षे चार, नाव मातोश्रींचे ठेविलेले, म्हणोन तिला शिवी देणे घरात मना होते. हुद्दा ऐसा, जे खंडाळ्याचे मुक्कामी सुनेत्राबाईंचा सोळा खोल्यांचा बंगला, पाहुणे उतरावयाचा; तेथील मळक्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल घाट उतरून खोपोलीचे मोठ्या लाँड्रीत पोहोचवावे आणि धुतलेले घाट चढून परत आणावे. हे काम हौशीराम ऐशा इमानाने करीत की चादरींची गाठोडी खासे स्वतः शिवीत, वर ताडपत्री घालीत, आणि मग ढग दिसला तर ताडपत्रीवर आणखी एक ताडपत्री घालीत. पावसाने आजवर त्यांची एक चादर भिजविली नव्हती, आणि या एका गोष्टीचा त्यांस गर्व होता.

ऐसे सुखात चालले असता ज्येष्ठ मासी गनीम उपजला. गनीम म्हणजे स्टिअरिंगसमोरील काचेत एक पिवळा दिवा, आकाराने हरभऱ्याएवढा. मळवलीस तो निजलेला असे, खंडाळ्यासही डोळा उघडीत नसे. परंतु राजेश्वरी घाट उतरू लागली आणि शिंगरोबाचे वळण मागे पडले की हा दिवा हळूच लागे, आणि मग येताना भरल्या गाडीचे बळ ऐसे हरण करी की ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी पालखीच्या चालीने चढावे लागे. मागील ट्रकवाले हॉर्न वाजवीत, पुढे जाताना काचा खाली करून हौशीरामांचे कुळ विचारीत, आणि हौशीराम मान खाली घालून मातोश्रींच्या नावाची गाडी पहिल्या गियरात रेटीत.

तेव्हा मसलतीस मळवली स्टेशनाबाहेरील गॅरेजवाले गुलजारभाई यांस पाचारण केले. हे गुलजारभाई मोठे नामांकित, इंजिनाचा आवाज ऐकोन रोग सांगणारे; अलीकडे त्यांनी स्कॅनर नामे यंत्रही बाळगिले होते, जे तारेने गाडीस जोडिले असता गाडीच्या पोटातील तक्रार आकड्यांत बोलून दाखवी. यंत्राने तक्रार सांगितली ती पी दोन चार पाच तीन. अर्थ ऐसा, जे सायलेन्सरात काजळी अडवावयाची जी जाळी, तिजवर किती दाब साचला हे पाहणारा प्रेशर सेन्सर वेडेवाकडे सांगतो आहे. आणि गाडीची अक्कल असे समजते की जाळी तुंबली, म्हणोन जाळी जळू नये यास्तव इंजिनाचे बळ आपणच आवळून धरिते. मग गुलजारभाईंनी तारा तपासल्या, सेन्सरकडे जाणारी रबरी नळी काढून फुंकली, जाळी पाहिली तो निर्मळ. इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरवून दाब पाहिला तो शून्य, जैसा असावा तैसा. तक्रार पुसून टाकली आणि फत्ते जाहली ऐसे जाहीर केले. ऐशी फत्ते त्यांनी चार वेळा केली, आणि चारही वेळा घाटाखाली दिवा पुन्हा हसला.

चौथ्या खेपेस गुलजारभाई बेजार होऊन वदले, "भाऊ, मशीन शून्य दावतंय. गाडीला काय बी न्हाई. तुमच्याच मनानं घेतलंय काय तरी."

हे शब्द हौशीरामांस फार लागले. दोन दिवस त्यांनी त्या गॅरेजचा चहा घेतला नाही.

इतक्यात खंडाळ्याहून फर्मान आले. सुनेत्राबाईंनी कळविले की, मागील दोन शनिवारी चादरी दुपारी पोहोचल्या, पाहुणे उघड्या गाद्यांवर बॅगा घेऊन बसले, ते आम्ही पोटात घातले. या शनिवारी चाळीस माणसांचे, मुहूर्त न पाहणारे, लग्नाचे वऱ्हाड अकरा वाजता उतरणार. अकराच्या ठोक्यास चादरी न आल्या तर हे काम दुसऱ्या गाडीस देणे भाग पडेल, राग मानू नये. हौशीरामांनी ते फर्मान मोबाइलात तीनदा वाचिले. शेवटचे तीन शब्दच त्यांस अधिक बोचले, कारण रागावणारा धनी परवडतो, गोड बोलून रजा देणारा परवडत नाही. दुसरे काम त्यांस येत नव्हते ऐसे नव्हे. परंतु राजेश्वरीवाचून हौशीराम, ही कल्पना त्यांस स्वतःसही करवेना.

मग मानापमान गुंडाळून गुलजारभाईंच्या दारी गेले आणि विनंती केली की, एक वेळ यंत्रासह स्वतः घाट उतरावे आणि गनीम जेथे उठतो तेथेच त्यास गाठावे. गुलजारभाईंनी विचार केला. नवा सेन्सर पुण्याहून मंगळवारी येणार, आणि शनिवार तर उद्यावर. शिवाय चार फत्त्यांची शरम त्यांच्याही पोटात होतीच. होकार दिला. तेव्हा पडद्याआडून त्यांच्या घरच्या खावंदीण रुखसारबी यांनी हुकूम सोडिला की, गाडी खोपोलीस जातेच आहे तर आमचे माहेर तेथेच, आम्हीही येणार, आणि बसणार ते खिडकीशी. हा हुकूम रद्द करण्याची छाती दोघांपैकी एकासही जाहली नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता मोहिमेने कूच केले. पिंजलेल्या कापसासारखे धुके, डोंगराच्या खांद्यावरून पाण्याच्या धारा, रस्ता काळा आणि ओला. आणि त्या पांढऱ्या जगात राजेश्वरी उतरत चालली. मधोमध गुलजारभाई, मांडीवर यंत्र, जैसा हकीम रोग्याची नाडी धरितो. खिडकीशी रुखसारबी, मांडीवर माहेरच्या पोरांसाठी करंज्यांचा डबा. शिंगरोबास हौशीरामांनी एक हात कपाळी लाविला. पुढल्या वळणावर पिवळा दिवा लागला.



खोपोलीस लाँड्रीच्या दारी गाडी उभी केली तेव्हा साडेआठ जाहले होते. गुलजारभाईंनी इंजिन बंद करविले, चावी फिरवून यंत्र पाहिले, आणि पाहिले ते पुन्हा पाहिले. निजल्या गाडीत दाब शून्य असावा, तो यंत्र सांगे सहा. चारही खेपेस मळवलीस हाच सेन्सर, हीच नळी, हेच यंत्र शून्य सांगत होते. काही न करिता, नुसता घाट उतरल्याने सहाचा दाब कोठून आला, हे कोडे त्यांच्या बत्तीस वर्षांच्या विद्येस सुटेना. ते काही समजावू लागले तो रुखसारबींनी हात वर केला.

"थांबा जरा, मला काय बी ऐकू येईना. कानाला दडे बसल्यात."

मग त्यांनी एक मोठी जांभई दिली, मान हलविली, आणि कान खुलले तैसे बोलणेही खुलले. "लग्न झाल्यापास्नं बघतीय, घाट उतरला की माझे कान बसत्यात. वरची हवा आत ऱ्हाती आन् खालची भाईरनं दाबती. मानूस जांभई देतंय. तुमच्या गाडीनं जांभई कुटनं द्यावी?"

"काढ आता दवाखाना," गुलजारभाई म्हणाले, "गाड्यांच्या कानाचा." आणि हसले. हौशीरामही हसले. मग गुलजारभाईंचे हसू अर्ध्यावर थांबले, जैसे पाखरू उडता उडता फांदीवर बसते. त्यांनी चप्पल काढिली, गोणपाट अंथरिले आणि गाडीखाली शिरले.

त्या सेन्सरास दोन तोंडे असतात. एकास रबरी नळी, ती जाळीचा दाब आणून सांगते. दुसरे तोंड उघडे, वाऱ्याकडे, की बाहेरची हवा किती जड हे कळावे आणि दोहोंची तुलना करावी. गुलजारभाईंचे बोट त्या उघड्या तोंडावर गेले तो तेथे तोंडच नव्हते. होती एक काळी, गोल, घट्ट गुठळी. मळवलीची विरळ हवा आत कोंडून राहिली होती, आणि घाटाखालची जड हवा नळीवाटे चाखून सेन्सर बिचारा म्हणत होता, सहा, सहा.

आता येथे मागील एक वर्तमान सांगणे प्राप्त आहे, जे हौशीरामांनी कोणास सांगितले नव्हते. मावळात पावसाच्या तोंडी प्रत्येक घरधनी छपरावर चढतो आणि पत्र्याच्या एकेका स्क्रूवर डांबराचा ठिपका देतो. हौशीराम या कलेत निपुण. स्वतःचे छप्पर जाहले की शेजाऱ्याचे करीत, आणि प्रत्येक ठिपका अंगठ्याने दाबून बसवीत. वैशाखात डबा संपता संपता ते गाडीखाली डोकावले, सेन्सराचे एक तोंड आ वासलेले दिसले, आणि मातोश्रींच्या नावाच्या गाडीत पाऊस शिरेल या मायेने जीव कळवळला. उरलेला ठिपका तेथे दिला. अंगठ्याने दाबला. आणि मग विसरले.

गुलजारभाईंनी खालून विचारिले, "हे कुनी लावलं?"

"कंपनीतनंच आलं असंल," हौशीराम म्हणाले.

"कंपनी छपराचं डांबर लावती व्हय?"

हौशीराम तात्काळ वाकले आणि बघू बघू म्हणत हात आत घातला, कारण त्या गुठळीवर त्यांच्या अंगठ्याची रेघन् रेघ उमटलेली त्यांस आठवली होती. इंजिनाच्या उबेने डांबर मऊ जाहले होते. एकदा जोराने अंगठा फिरविताच पुरावा नष्ट जाहला, आणि ते निर्धास्त उठले. मग गाठोडी शिवावयाच्या दाभणाने गुलजारभाईंनी ती गुठळी उकरिली, आणि तोंड खुलताच राजेश्वरीने आत एक बारीक श्वास घेतला, ऐसा की कान देईल त्यासच ऐकू यावा. रुखसारबींनी तो ऐकिला. यंत्रावरील सहा उतरत उतरत शून्यास आले. तक्रार पुसली. दिवा विझला.

पुढे चादरी भरावयास एक तास गेला, रुखसारबी माहेरी पोहोचत्या जाहल्या, आणि दहाच्या सुमारास घाट चढू लागले तो राजेश्वरीचे ते जुने बळ परतले. तिसऱ्या गियरात वळणे घेतली, एक एसटी मागे टाकिली. ज्या ट्रकवाल्यांनी कुळ विचारिले होते त्यांपैकी एक वाटेत पंक्चर होऊन बसला होता, त्यास हौशीरामांनी थांबून पाणी दिले, याची नोंद त्यांच्या थोरपणास्तव केली आहे. पाणी देताना त्यांनी हॉर्नही दिला, तीही केली आहे.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी खंडाळ्यास डेरेदाखल. सुनेत्राबाई पायरीवर उभ्या. चादरी मोजल्या, भरल्या, टॉवेल भरले, अभ्रे उलगडले. सर्वांत वरच्या अभ्र्यावर, दुधासारख्या पांढऱ्यात, एक काळा अंगठा उमटला होता. वळणे, वलये, सगळे स्वच्छ.

सुनेत्राबाईंनी अभ्रा उजेडास धरिला. "हा अंगठा कुणाचा?"

फाटकाशी वऱ्हाडाची बस वळत होती. हौशीरामांनी हात पाठीमागे नेला, आणि मग पुढे आणिला.

"माझाच हाय, बाई. गाडीत डांबर बी मीच लावलं व्हतं. दोन शनवार उशीर झाला, तो माझ्याच हातानं झाला."

मागून गुलजारभाई शांतपणे वदले, "मला म्हाईत व्हतं. आमच्या छपरावर धा-बारा हायत तसले अंगठे." आणि थोडे थांबून, "मी बी चार बारी वरच बसून बघितलं, भाऊ. खाली एकदा आलो असतो तर ज्येष्ठातच मिटलं असतं."

सुनेत्राबाईंनी सगळे वर्तमान ऐकोन घेतले, हसू ओठांत दाबिले आणि निवाडा दिला: चादरी वेळेत रुजू, काम हौशीरामांकडेच कायम, बंगल्याचे मागील छप्पर तीन ठिकाणी गळते, येत्या वैशाखात त्यास डांबर हौशीरामांनीच द्यावे, परंतु छपराखेरीज या बंगल्यातील कोणत्याही वस्तूस हात लावू नये, आणि हा अभ्रा बाद, तो घेऊन जावा.

येणेप्रमाणे भाद्रपद मासी शनिवारी, दोन प्रहराच्या आत, बोरघाट सर जाहला. मोहिमेचे सरदार हौशीराम केदारी, हकीम गुलजारभाई, विजय रुखसारबींचा. त्यांस फोनवर कळविले असता त्यांनी एवढेच फर्माविले की संध्याकाळी न्यायला यावे आणि करंज्यांचा डबा तेव्हा रिकामा मिळेल. शत्रू विझला, आपले कोणी पडले नाही, एक अभ्रा कामी आला. तो राजेश्वरीच्या सीटमागे घडी घालून ठेविला आहे, आणि या वृत्तांताची खरी प्रत तीच, कारण शिक्का तिच्यावर आहे: अंगठा उजवा, डांबरी, धुतला तरी न जाणारा.