उकंडाची पिशवी आणि माझी पाठ

"डोंगर चढलेलं तुमच्यात कोणी आहे का?" असं डोंगरसिंग साहेबांनी विचारलं आणि मी पटकन म्हणालो, "मी आहे ना, साहेब!"

म्हणजे चूक झाली ती एवढीच. पुढचं सगळं आपोआप झालं.

(मी आजवर चढलेला सर्वांत उंच डोंगर म्हणजे कापसाच्या जिनिंगातला सरकीचा ढीग. त्यावरूनही मला उतरवायला दोन माणसं लागली होती.)

पण त्या दिवशी मला राग आला होता. सकाळीच आमची सत्यशीला शेजारच्या कांताबाईंना सांगताना मी ऐकलं होतं, "आमच्या ह्यायले पान्याच्या दोन गुंड्या आना म्हनलं तं तिसऱ्या पायरीवर दम लागते." बायको मुलींच्या शाळेत मास्तरीण. ती सांगते ते लोक लिहून घेतात. तेव्हा काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

साल त्रेसष्ट. मी राळेगावात एका कचेरीत कारकून. डोंगरसिंग साहेब नुकतेच पुसदकडून बदलून आलेले, आणि दोरानं कडे चढायचा रीतसर कोर्स केलेले. चीनची लढाई होऊन वर्ष झालं होतं, आणि सरकारी माणसाची ढेरी आत जावी अशी वरून इच्छा होती. साहेबांनी चिखलदऱ्याला पाच दिवसांचं शिबिर काढलं. पहिले दोन दिवस कडा चढायचा, मग तीन दिवस रानातून चालायचं. कचेरीतल्या कोणालाही आणि गावातल्या कोणत्याही शिक्षकाला यायची मुभा.

"पण एक ध्यानात ठेवा," साहेब म्हणाले, "पाच दिवसांचं सामान ज्याचं त्याच्या पाठीवर. माणूस डोंगरानं थकत नाही, पिशवीनं थकतो. पट्टे रुंद पाहिजेत, भार खांद्यावर नाही तर कमरेवर आला पाहिजे, आणि पिशवी पाठीला अशी चिकटली पाहिजे की पाठीवर काही आहे हे कळूच नये. येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी पंधरा किलो भरून टेकडीवर या. मी एकेक पिशवी तपासणार."

टेकडी गावापासून तीन मैलांवर. मी तीन मैलांची काळजी केली नाही. पिशवीची केली.

पहिल्यांदा घरातला होल्डॉल काढला. लग्नात मिळालेला. तो गुंडाळून, दोरानं पाठीला बांधून मी अंगणात चार पावलं टाकली. पाचव्या पावलाला तो काखेखालून फिरून पोटावर आला. कांताबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या हातातलं सूपच खाली पडलं.

"कितवा महिना गा, भीमराज?"

मी होल्डॉल परत माळ्यावर टाकला.

मग रामधनचा पिट्टू, म्हणजे फौजी पाठपिशवी, आणली. रामधन म्हणजे मागच्या गल्लीतला मिलिटरीतून परतलेला माणूस. त्याच्या पाठीवर तो पिट्टू शोभायचा, कारण रामधन सहा फूट. मी पाच फूट दोन. माझ्या पाठीवर पिट्टूचं तोंड डोक्याच्या वर आणि बूड पोटऱ्यांवर. सत्यशीला शाळेतून आली ती दारातच थबकली.

"माय वं! हे पोतं एकलंच चालून राह्यलं!"

"मी आत आहे," मी म्हणालो.

शेवटी मी उकंडाकडे गेलो. उकंडा शिंपी. कपडे तो फारसे शिवायचा नाही. कापसाच्या बंडीवर टाकायच्या ताडपत्र्या, बैलांच्या झुली, कापूस वेचताना पोटाशी बांधायच्या ओट्या, असलं दांडगं काम त्याचं. त्याच्या हातची शिवण बैलालासुद्धा उसवता येत नाही, अशी ख्याती. मी साहेबांचं भाषण जसंच्या तसं त्याला म्हणून दाखवलं.

"जयभीम, बाबू. समजलं," तो टेप काढत म्हणाला. "बैलाची झूल अस्ते तशीच, पण मान्साले. वशिंड किती?"

"मला वशिंड नाही."

"होईन नं बाप्पा. पंधरा किलो बसवाचं हाय."

पण चार दिवसांनी त्यानं जे हातात ठेवलं ते पाहून मला खरोखर धक्का बसला. एवढी चांगली वस्तू माझ्या नशिबात कधी आलेली नव्हती. जाड ताडपत्री, चार बोटं रुंद पट्टे, पट्ट्यांत आणि पाठीच्या बाजूला ठासून रुई भरलेली, कमरेला वेगळा पट्टा, तोंडाला ओढायची दोरी. घातल्याबरोबर असं वाटलं की कोणी प्रेमाच्या माणसानं मागून मिठी मारली आहे. (ही कल्पनाच. अनुभव नाही.)

रविवारी सकाळी सत्यशीलानं पिशवी भरून दिली. खाली सात किलो ज्वारी, मग लोटा, दोर, आणि वर दोन गोधड्या. तिनं ती ओट्यावर आडवी ठेवली आणि मी चहाला आत गेलो. डिसेंबरची थंडी, म्हणून दोन कप घेतले.

बाहेर आलो, दोरी ओढली, गाठ मारली.

"एकडाव आत पाहून घ्या नं," सत्यशीला म्हणाली.

"डोंगर चढणारा माणूस मागे पाहत नाही," मी म्हणालो, आणि निघालो.

खरं सांगतो, पहिला मैल मी तरंगत होतो. पंधरा किलोंपेक्षा दोनतीन किलो जास्तच वाटत होतं, पण काय आराम! पाठ हळूहळू ऊबदार झाली. मधूनच पिशवीतून काहीतरी सरकायचं आणि बरोबर दुखऱ्या मणक्यावर दाबायचं. उकंडाच्या दुकानापुढून जाताना मला राहवेना.

"उकंडा! अरे पिशवी काय, जिवंत आहे जिवंत! पाठ चेपून देते!"

"रुई हाय, बाबू. बसाले वेळ लागते," तो नम्रपणे म्हणाला. पण त्याची नजर माझ्या मागे होती. "हे बकरी कोनाची?"

मी वळून पाहिलं. कांताबाईंची चंद्री माझ्या मागे येत होती. दोनच दिवसांपूर्वी व्यालेली, घर सोडून कुठे न जाणारी बकरी. मी हुसकावलं. ती माझ्या पोटरीवर शिंगं मारून परत मागे लागली. ताडपत्रीचा वास आवडला असेल, म्हणून मी सोडून दिलं. चंद्री मोठ्यानं ओरडायची आणि पाठोपाठ एक बारीक ओरडणं ऐकू यायचं. थंडीनं तिचा आवाज चिरकतोय याचं मला वाईट वाटलं.

टेकडीच्या पायथ्याशी पाठीवरून एक कढत ओघळ खाली उतरला. मला धन्य वाटलं. डिसेंबरात घाम! मर्दाचा घाम!

माथ्यावर पोचलो तेव्हा मला दम लागला होता, पण पाठ हसत होती. कचेरीतले चौघे आधीच येऊन खांदे चोळत बसले होते. साहेबांनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"भीमराज, पट्टे सुरेख आहेत. भार कमरेवर आहे. वा! दुखतं कुठे?"

"कुठेच नाही साहेब! उलट मऊ..."

तेवढ्यात साहेबांचा चेहरा बदलला. ते माझ्या खांद्याकडे पाहत होते.

"भीमराज," ते हळू आवाजात म्हणाले, "हलू नका."

माझ्या मानेला काहीतरी ओलं लागलं.

"साहेब... विषारी आहे का?"

"नाही. पांढरं आहे."

"चावतंय का?"

"चाटतंय."

आणि माझ्या कानात, अगदी कानात, कोणीतरी म्हणालं, "मेंऽऽ."

मी किंचाळलो. (नंतर चौघांनी सांगितलं की आधी माझाच आवाज बकरीचा वाटला.) चंद्रीनं झेप घेतली ती सरळ माझ्या छातीवर. मी पडलो. साहेबांनी धावत येऊन मला कुशीवर वळवलं, दोरी सोडली, आणि गोधड्यांच्या घडीतून एक नाही, दोन पिल्लं बाहेर निघाली. मला आलेला घाम कोणाचा होता तेही तेव्हाच कळलं.

मी तोंड उघडायच्या आत खालून आवाज आला, "चोर! चोर!"

कांताबाई अनवाणी टेकडी चढत होत्या. हातात काठी, मागे सत्यशीला.

"लेकराईले माईपासून तोडतं! अन् मायले तीन मैल पळवतं! कायले नेलतं रे?"

"मी नाही नेलं, कांताबाई! ती आपणहून बसली!"

"बकरी का यष्टीत बसते, आपनहून?"

"मी आत पाहिलंच नाही हो!"

"थे मात्र खरं हाय," सत्यशीला धापही न टाकता म्हणाली. माझ्या संसारात तिनं माझी बाजू घेतल्याचा हा दुसरा प्रसंग. "मी म्हनलंतं पाहून घ्या म्हनून. ह्यायले दिसत नाई, कांतामावशी. चोराले दिसाव लागते."

कांताबाईंना हे पटलं. त्यांनी काठी खाली टाकली आणि पिल्लांना उचलून चंद्रीपाशी ठेवलं. पिल्लं दोन घोट प्यायली आणि तुरुतुरु परत पिशवीत गेली. पुन्हा काढली, पुन्हा गेली. चौथ्यांदा साहेबांनी हात टेकले.

"असू द्या. पिशवीतूनच न्या."

मी उठायला गेलो. उठता येईना. एका बाजूला स्वतःला 'ऊठ, ऊठ' म्हणत मी बसलो, दुसऱ्या बाजूला सगळे माझ्याकडे पाहत उभे. मग सत्यशीलानं पदर खोचला, ज्वारी, लोटा, दोर, गोधड्या आणि दोन पिल्लांसकट ती पिशवी पाठीवर घेतली, कमरेचा पट्टा आवळला आणि दोन उड्या मारून पाहिलं.

"सायेब," ती म्हणाली, "हे तं लय सोयीचं हाय. मले काई वजनच नाई लागून राह्यलं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेकडीच्या उताराकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"बाई, तीन मैल आणि वर टेकडी, तुम्ही किती वेळात आलात?"

"मावशी संगं होती, म्हनून उशीर झाला."

"तुम्ही शाळेत शिकवता ना?"

मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, शिबिराला तर मी..."

"तुम्ही आधी उभे राहा," साहेब म्हणाले.

उभा राहायला मला इतका वेळ लागला की तेवढ्यात नाव लिहून झालं.

पुढच्या सोमवारी सत्यशीला उकंडाची पिशवी पाठीला लावून चिखलदऱ्याच्या यष्टीत बसली. मी स्टँडवर निरोप द्यायला गेलो. कांताबाईही आल्या होत्या. निघताना त्यांनी पिशवीत तीनदा हात घालून खात्री करून घेतली आणि मग माझेही खिसे तपासले.

पाचव्या दिवशी तिचं कार्ड कचेरीच्या पत्त्यावर आलं. कार्डाला पाकीट नसतं. ते माझ्या टेबलावर पोचलं तेव्हा पोस्टमनपासून हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांना पाठ झालेलं होतं, आणि मी वाचत असताना सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"सप्रेम जयभीम," तिनं लिहिलं होतं. "काल दोरानं कडा चढले, पहिली आले. पिशवीचं सगळ्यांना फार नवल. खुद्द इथल्या कडा शिकवणाऱ्या साहेबांनी विचारलं, एवढी आरामाची पिशवी निवडली कोणी? मी खोटं बोलले नाही. सांगितलं, आमच्या शेजारच्या बकरीच्या पिल्लांनी."